मांडीवरचा की हातातला?

मास्तरांची खरेदीची पद्धत ठरलेली होती. दुकानात जायचं, पहिली दिसेल ती वस्तू उचलायची आणि घरी येऊन बायकोचं ऐकून घ्यायचं. याच पद्धतीने त्यांच्या घरात एकदा उघडली की न मिटणारी छत्री आली होती, आणि एकदा मिटली की न उघडणारी खुर्चीही. त्यामुळे कुठेही उचलून नेता येईल असा एखादा संगणक घ्यावा, असं जेव्हा त्यांनी मनावर घेतलं, तेव्हा हे काम संध्याकाळपर्यंत उरकेल अशी त्यांची समजूत होती. समजुतीचं एक बरं असतं, ती करून घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही.

गरज मात्र खरी होती. मास्तरांची मुलगी बदली होऊन दुसऱ्या गावी गेली आणि तिच्याबरोबर तिची दुसरीतली लेक, म्हणजे मास्तरांची नात चिमणीही गेली. एके संध्याकाळी तिचा फोन आला.

"आजोबा, मी ढ आहे का?"

मास्तर ताडकन उभे राहिले. चाळीस वर्षं मुलांना गणित शिकवलेल्या माणसाला हा शब्द चपलेतल्या खड्यासारखा बोचतो.

"कोण म्हणालं?"

"म्हणालं कुणी नाही. पण बाईंनी मला मागच्या बाकावर बसवलंय. त्या एकोणसाठ म्हणतात आणि मी सहावर नऊ लिहिते. साठ म्हणतात ना? मग सहा नको?"

आता, या युक्तिवादात खोट कुठे आहे सांगा. मास्तरांनाही क्षणभर सापडली नाही. "अगं चिमणे, एकोण म्हणजे एक ऊन. ऊन."

"आमच्याकडे नाहीये ऊन. ढग आलेत."

"ते ऊन नव्हे. ऊन म्हणजे कमी!"

"हो ना, कमीच आहे. आईचे कपडे वाळले नाहीत." मग जरा थांबून ती बारीक आवाजात म्हणाली, "सोमवारी अंकांची परीक्षा आहे. परत चुकलं तर मी शाळेतच जाणार नाही." आणि फोन ठेवला गेला.

मास्तरांनी फोन खाली ठेवला. गणित कानाने शिकवता येत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. मूल कुठे अडलंय ते मूल सांगत नाही, त्याची पेन्सिल सांगते. ती कागदावर कुठे थबकते ते बघावं लागतं. चिमणीची पेन्सिल मास्तरांना दिसायला हवी होती आणि मास्तरांची चिमणीला. मास्तरांचा फोन बटणांचा. त्यात फार तर वेळ दिसायची, तीही चुकीची.

"मग घ्या एखादा संगणक," बायको म्हणाली. "मात्र या वेळी चार लोकांना विचारून घ्या."

त्या बाईने हे वाक्य नुसतं गिळलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

पहिला विचारला तो मेहुणा. बायकोचा हा धाकटा भाऊ कुठल्याही विषयात तज्ज्ञ होता, फक्त आधी तो विषय कोणता हे त्याला सांगावं लागे. "दाजी, टॅबलेट घ्या. डोळे मिटून घ्या. पाटीसारखा असतो. बोटाने लिहायचं, बोटाने पुसायचं. तुमचा जन्म पाट्यांमध्ये गेला, तुम्हाला शिकवायला नको."

दुसरे विचारले ते बरोबर वरच्या मजल्यावरचे बँकवाले. ते निवृत्त होऊन जमाना लोटला होता, पण अजून घराचं दार उघडतानाही ते आधी साखळीच्या फटीतून समोरच्याची सही ताडून बघत आहेत असं वाटायचं. "लॅपटॉप," ते म्हणाले. "दणकट वस्तू. टॅबलेट म्हणजे पोरखेळ. आणि मास्तर, ज्या वस्तूला झाकण नाही त्या वस्तूवर आम्ही कधी विश्वास ठेवला नाही."

तिसरा विचारला तो दुकानदारच. हा मास्तरांच्या हाताखालून गेलेला विद्यार्थी. शाळेत असताना भागाकार कुठलाही असो, हा खाली ठळक अक्षरात 'बाकी शून्य' लिहून मोकळा व्हायचा. त्यामुळे सगळा वर्ग त्याला बाकीशून्य म्हणे. आता त्याचं काचेच्या दारांचं, संगणकांचं दुकान होतं आणि पोटही सुटलं होतं, पण मास्तर दारात दिसताच तो खुर्चीतून असा उठला, जणू गृहपाठ घरी राहिलाय.

"सर, दोन्ही नका घेऊ. हा घ्या. याला उलटा करता येतो. सरळ ठेवला की लॅपटॉप, पार मागे वळवला की टॅबलेट, आणि असा अर्धा वळवला की तंबू."

"तंबू?"

"हो सर. तंबूसारखा उभा राहतो."

"तंबूत मी काय करू?" मास्तरांनी विचारलं. बाकीशून्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. तसं ते शाळेतही नसायचं.

मास्तर पेचात पडले. तीन माणसं, तीन मतं, आणि तिघांचा आवाज सारखाच ठाम. शेवटी त्यांच्यातला शिक्षक जागा झाला. निवड करायची तर परीक्षा घ्यायला हवी. त्यांनी तसं सांगितल्यावर बाकीशून्याने तिन्ही यंत्रं रविवारपर्यंत घरी वापरून बघायला दिली. "सर, इंटरनेटची जोडणीही मीच सांगून टाकतो कंपनीला. घराचा नंबर तेवढा सांगा."

"एकोणसत्तर," मास्तर म्हणाले.

बाकीशून्याने तो लिहून घेतला. मास्तरांनी वाकून बघितलं नाही. एरवी ते विद्यार्थ्याची पाटी बघितल्याशिवाय पुढे जात नसत. त्या दिवशी गेले.

घरी तोंडी परीक्षा सुरू झाली. पहिला नंबर लॅपटॉपचा. लॅप म्हणजे मांडी, एवढं इंग्रजी मास्तरांना येत होतं, म्हणून त्यांनी खाली बैठक मारून तो मांडीवर घेतला. थोड्या वेळात यंत्र भटारखान्यासारखं तापलं आणि आतला पंखा घोरू लागला. बायकोने सोबतचं माहितीपत्रक वाचून दाखवलं, "अहो, यात लिहिलंय, मांडीवर ठेवू नये."

"मग मांडी नावात कशाला घातली?" मास्तर कळवळून म्हणाले. तोवर त्यांच्या एका मांडीला चटका बसला होता आणि दुसरीला मुंग्या आल्या होत्या. नेमकी कुठली चोळावी हे न कळून ते तसेच बसून राहिले.

मग टॅबलेट. तो हातात हलका होता, पण त्याला मास्तरांचं बोटच कळेना. चाळीस वर्षांच्या खडूने त्यांच्या बोटांची टोकं घासून गुळगुळीत झाली होती. मास्तर काचेवर बोट फिरवीत आणि टॅबलेट ढिम्म. बायकोने नुसतं टिचकीसारखं टेकवलं की पळायला लागे. मास्तरांनी हाताचा पंजा टेकवून नीट लिहायला घेतलं, तर त्या पंजाच्या दाबाने, मेहुण्याने त्यात घालून ठेवलेल्या नुसत्या बोलण्याच्या सिमवरून, मेहुण्यालाच फोन लागला.

"दाजी, आवडला ना?" तो पलीकडून ओरडला.

उलटा होणाऱ्या यंत्राची तर वेगळीच तऱ्हा. ते वळवलं की आतलं चित्रही आपोआप फिरायचं. चित्र सरळ दिसावं म्हणून मास्तर मान वाकडी करत, तर तेवढ्यात यंत्राला वाटे की आपलंच काही चुकलं, आणि ते चित्र पुन्हा फिरवी. दोघंही एकमेकांचा मान राखत होते, आणि त्यामुळे कुणाचंच काही जमत नव्हतं. बायको स्वयंपाकघरातून आली तेव्हा मास्तर सतरंजीवर कुशीवर पडले होते आणि तंबूच्या आत डोकावत होते.

"सापडलं का आत कोणी?" तिने विचारलं.

या सगळ्यात इंटरनेटचा पत्ता नव्हता. कंपनीची माणसं येऊन गेली म्हणे, पण मास्तरांच्या घरी कुणी फिरकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी जिन्यात बँकवाले भेटले, आणि त्यांचा चेहरा फुलून आला होता.

"मास्तर, कमाल झाली! आमच्याकडे इंटरनेट आलं. न मागता! मी त्यांना म्हटलं, अर्ज नाही, सही नाही, हे कसं? ते म्हणाले, सगळं वरून ठरलेलं आहे."

मास्तरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्या इमारतीत एकेका मजल्यावर दहा घरं. साठपासून सुरू होणाऱ्या मजल्यावरचं शेवटचं घर एकोणसत्तर, मास्तरांचं. सत्तरपासून पुढचा मजला लागतो, आणि त्याच्यावरचं शेवटचं घर एकोणऐंशी, बँकवाल्यांचं. बाकीशून्याने एकोणसत्तर ऐकलं होतं आणि सातावर नऊ लिहिलं होतं.

मास्तरांना राग आला नाही, लाज वाटली. हा पोरगा त्यांच्याच वर्गातून वरच्या वर्गात गेला होता, आणि त्याच्या गुणपत्रकावर सही त्यांचीच होती.

त्यांनी कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड बोलणारी होती.

"सर, आपली जोडणी चालू आहे असं दिसतंय."

"चालू आहे, पण वरच्या घरात."

"मग अडचण काय आहे, सर?"

"मी खालच्या घरात राहतो."

"आमच्या नोंदीनुसार आपण वरच्या घरात राहता."

"मी स्वतः सांगतोय ना तुम्हाला, मी खाली राहतो!"

"हो सर. त्यासाठी पत्ता बदलल्याचा पुरावा लागेल."

"अहो, पण मी पत्ता बदललेलाच नाही!"

"मग पुरावा कसा मिळणार, सर?" तिने इतक्या सहानुभूतीने विचारलं की मास्तरांनाच अपराधी वाटलं.

जोडणी रद्द करून नवी घ्यायचीही सोय होती, पण ती रद्द करायला वरच्या घरात राहणाऱ्या माणसाची संमती लागत होती. ती संमती द्यायला वरच्या घरातला माणूस तयार नव्हता. "आलेली ठेव परत करायची नसते मास्तर," बँकवाले म्हणाले. "तुम्ही या ना वर. आमची बैठक तुमचीच समजा. फक्त व्यवहाराच्या वेळेत या. जेवणानंतर आमची खिडकी बंद असते."

तेव्हा कुठे संगणक उचलून नेता येणारा हवा म्हणजे काय, ते मास्तरांना कळलं. रोज तिन्ही यंत्रं, त्यांच्या तिन्ही वायरी, पाटी, खडू आणि टेकायला उशी एवढं सामान घेऊन ते जिना चढू लागले. मागून बायको उशी धरून. वाटेत कुणीतरी विचारलंच, "कुठे निघाली वरात?" मास्तर म्हणाले, "मुलीकडे." खोटं नव्हतं ते.

पण धडा काही उभा राहीना. लॅपटॉपचं झाकण कागदाकडे वाकवलं की चिमणीला कागद दिसे, पण मग मास्तरांना ती दिसत नसे. टॅबलेट उशीवरून घसरे आणि चिमणीला छताचा पंखा दिसत राही. तंबूत मास्तर उलटे दिसत, म्हणून बिचारी खाटेवर उलटी लटकून त्यांच्याशी बोलू लागली. आणि या सगळ्यात चिमणीची पेन्सिल जिथे थबकायची तिथेच थबकत होती. एकोणतीस म्हटलं की तिनावर नऊ. मग ती पटकन तो कागद पालथा घालायची. कागद पालथा घालणारं मूल मास्तरांनी ओळखलं नसतं तर नवल. चुकीची लाज वाटायला लागली की शिकणं संपतं. तीन दिवस ते तेच बघत होते आणि काचेपलीकडे हात पोचत नव्हता.

रविवार उजाडला. संध्याकाळी बाकीशून्य दोन यंत्रं परत न्यायला येणार होता आणि दुसऱ्या दिवशी चिमणीची परीक्षा. मास्तरांनी अजून काहीच निवडलं नव्हतं. आपल्या यंत्राचा प्रचार करायला मेहुणाही येऊन बसला, आणि यंत्रं न्यायला बाकीशून्यही हजर झाला. बँकवाल्यांच्या बैठकीत तिन्ही यंत्रं शेजारी शेजारी मांडली गेली, आणि एकदम तिन्हींवरून चिमणीला हाक मारली गेली. त्यामुळे तिला तीन आजोबा दिसू लागले. एकाचं फक्त टक्कल, एकाची हनुवटी आणि एक उलटे. तिघंही एकामागून एक "चिमणे, चिमणे, चिमणे" म्हणत होते.

"आजोबा, एकच या ना," ती म्हणाली. हसली मात्र नाही.

"दाजी, हे सगळे जुने प्रकार सोडा," मेहुणा पुढे सरसावला. "हात कशाला झिजवता? माझ्या टॅबलेटला ऐकू येतं. तुम्ही बोला, हा लिहील. चिमणीला तिच्याकडे मोठ्ठं दिसेल. चला, एक अंक सांगा."

मास्तरांनी दमून सांगितलं, "एकोणसाठ."

पाटीएवढ्या पडद्यावर भलामोठा अंक उमटला. ६९.

सगळ्यांनी मेहुण्याकडे बघितलं.

"तुमचा उच्चार, दाजी," मेहुणा म्हणाला.

मास्तरांचा उच्चार! ज्या उच्चारावर पिढ्यान्‌पिढ्यांनी पाढे घोकले होते, त्या उच्चाराने मास्तर पुन्हा गरजले, "ए-को-ण-सा-ठ!" वर्गातला आवाज होता तो. शेजारच्या घरात कुणीतरी टीव्ही बंद केला. पडद्यावर पुन्हा ६९. बँकवाल्यांनी घसा साफ करून म्हणून बघितलं. ६९. बाकीशून्य म्हणाला, "पण सर, बरोबरच आहे की. साठ म्हणजे सहा नाही का?" बोलून झाल्यावर तोच दचकला.

आणि मग पडद्यातून एक खुसखुस ऐकू आली. मग खुदकन आवाज. मग चिमणी पोट धरून हसू लागली. "आजोबा! तो पण! तो पण सहावर नऊ लिहितो!"

"हो गं," मास्तर म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"थांबा. तुम्ही कुणी ओरडू नका त्याला. घाबरतो तो. मी सांगते." आणि चिमणी पुढे सरकून टॅबलेटशी बोलू लागली. "ए सोन्या, साठ लिही बरं."

पडद्यावर उमटलं, 'ए सोन्या ६० लिही बरं'.

"अरे, सगळं नाही लिहायचं! बरं असू दे. साठ आलं ना, शाब्बास. आता नीट ऐक. आमचे आजोबा एकोणसत्तर नंबरच्या घरात राहतात. सत्तर नंबर कुठे आहे? वरच्या मजल्यावर. आजोबा सत्तरच्या आधीचे आहेत, म्हणजे अजून खालीच आहेत. एक घर कमी आहे ना, म्हणून एकोण. म्हणून साठच्या मजल्यावर नववं. सहावर नऊ." ती बोलता बोलता थांबली. पेन्सिल तिच्या हातात होती. ती पेन्सिल हळूच कागदावर टेकली. मास्तर पडद्याकडे वाकले. "मग एकोणसाठ... एकोणसाठ म्हणजे साठच्या आधी एक. साठचा मजला यायचाय अजून. म्हणजे पन्नासच्या मजल्यावर. पाचावर नऊ!" तिने कागद पडद्यासमोर धरला. "हे बघ सोन्या, असं. कळलं? नाही कळलं तर परत सांगते."

सोन्याला कळलं नव्हतं. त्याने पुन्हा ६९ लिहिलं. चिमणीने न चिडता पुन्हा सांगितलं. मग एकोणतीस, एकोणपन्नास, एकोणऐंशी. सोन्या प्रत्येक वेळी चुकत होता आणि चिमणी प्रत्येक वेळी स्वतःच्या कागदावर बरोबर लिहून त्याला दाखवत होती. एकही कागद तिने पालथा घातला नाही.

"सर," बाकीशून्य हळूच म्हणाला, "म्हणजे त्या दिवशी मी... तुमची जोडणी..."

"हो," मास्तर म्हणाले.

"काका, तुम्हाला कुणी शिकवलं होतं गणित?" पडद्यातून चिमणीने विचारलं. बाकीशून्याने मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी छताकडे बघितलं.

तो विषय बदलायला बाकीशून्याने घाईघाईने दोन यंत्रं उचलली. टॅबलेटही त्यांतच होता. "सर, हा सदोष दिसतो. दुसरा हुशार देतो बदलून."

"खबरदार!" मास्तर असे ओरडले की बँकवाल्यांच्या हातातला कप हिंदकळला. "मला हाच हवा. बाकीची दोन्ही तू ने."

"पण सर, लोक चांगलं यंत्र शोधत येतात. तुम्ही चुकणारं मागताय?"

"मला याच्याहून चांगला विद्यार्थी चाळीस वर्षांत मिळाला नाही. मुकाट चुकतो आणि समोरच्याला शहाणा करतो."

मेहुण्याला आपलंच यंत्र निवडलं गेल्याचा आनंद आवरेना. "मी म्हटलंच होतं दाजी! आणि हे चुकण्याचं तर काहीच नाही. हे बघा, खाली सूचना आलीय. हे एक बटण दाबलं की रात्रीतून सुधारतो. उद्या सकाळी सगळे एकोण बरोबर!" आणि त्याने बोट पुढे केलं.

"आजोबा," पडद्यातून चिमणी म्हणत होती, "उद्या माझी परीक्षा झाली की मी याची घेणार आहे. तोवर याला कुणी ढ म्हणायचं नाही हं."

उभ्या हयातीत ज्यांनी एकाही पोरावर हात उगारला नव्हता, त्या मास्तरांनी मेहुण्याच्या बोटावर फाडकन चापट मारली, आणि पडद्याकडे वळून ते शांतपणे म्हणाले, "कुणाची बिशाद आहे म्हणायची!"